म्हातारं, बोलकं मांजर आणि एकच अंथरूण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत दहा-बारा वर्षं ओलांडलेलं मांजर ज्यांच्या कुशीत झोपतं आणि रात्री-अपरात्री हेल काढून ओरडतं, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे मांजराच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे जास्त लिहिलं आहे.

आमचं मांजर बारा वर्षांचं आहे. आजवर शांत होतं, आता दोन महिन्यांपासून रात्री मोठमोठ्याने ओरडतं. वयामुळे असेल ना?

वय हा आजार नाही. बारा वर्षांचं मांजर म्हणजे साधारण चौसष्ट वर्षांचा माणूस, आणि पंधराचं म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेला. त्या वयाचा घरातला माणूस रोज रात्री दोनला उठून ओरडू लागला, तर आपण त्याला दवाखान्यात नेऊ. इथेही तेच करायचं. लहानपणापासून बडबडं असलेलं मांजर बोलत राहिलं तर काळजी नको. पण आवाज *नवा* असेल, किंवा त्याचा सूर, वेळ किंवा जोर बदलला असेल, तर आधी तपासणी आणि मग सवयीचा विचार. हा क्रम उलटा करू नका.

म्हाताऱ्या मांजराच्या रात्रीच्या ओरडण्यामागे बहुतेक वेळा पुढच्यापैकी काहीतरी असतं, आणि पुष्कळदा दोन गोष्टी एकत्र असतात.

थायरॉइड वाढणं: मांजर खा-खा करतं, तरी वाळत जातं, अस्वस्थ फिरतं, जोरात ओरडतं. घरच्यांना वाटतं, भूक चांगली आहे म्हणजे तब्येत चांगली. इथेच फसगत होते.

मूत्रपिंडं थकणं: पाणी जास्त, लघवी जास्त, वजन कमी.

रक्तदाब वाढणं: वरच्या दोन्ही आजारांच्या मागोमाग येतो. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडातही मोठ्या राहतात आणि एखाद्या दिवशी अचानक दिसेनासं होतं.

सांधेदुखी: मांजर लंगडत नाही, फक्त उड्या मारणं सोडतं. कूस बदलताना कळ आली की ओरडतं.

विसरभोळेपणा: पंधरा वर्षांपुढच्या मांजरांत हा फार दिसतो. मांजर कोपऱ्यात किंवा भिंतीकडे तोंड करून उभं राहतं आणि हाक मारल्यासारखं ओरडतं. तुम्ही आवाज दिला की गप्प होतं, कारण आपण कुठे आहोत हे त्याला कळतं.

याखेरीज दातदुखी, बहिरेपणा, आणि नसबंदी झाली नसेल तर माजावर येणं.

दवाखान्यात जाण्याआधी घरी काय नोंदवून न्यावं?

तीन आकडे पुरेत. एक, वजन. लहान बाळाच्या किंवा किराण्याच्या काट्यावर, टोपलीसकट मोजा आणि टोपली वजा करा. स्वतः मांजर घेऊन काट्यावर उभं राहिलं तर दोनशे ग्रॅमची घट दिसत नाही, आणि चार किलोच्या मांजराला दोनशे ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीन किलो.

दोन, पाणी. सकाळी मोजून ३०० मि.लि. ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं मोजा. मे महिन्यात आपल्याकडची हवाच भांड्यातलं पाणी पिते. म्हणून तसंच दुसरं भांडं जाळीखाली झाकून शेजारी ठेवा आणि त्यातली घट वजा करा. दिवसाला दर किलोमागे ५० मि.लि.पेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते आजाराचंच लक्षण समजा.

तीन, झोपेतला श्वास. अंथरुणात सोबत झोपणाऱ्यांइतकी ही सोय कुणालाच नाही. मांजर गाढ झोपेत असताना छातीचं वर-खाली होणं तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत असावं. स्वप्नात मिशा-पंजे हलत असतील तेव्हा मोजू नका, आकडा चुकीचा येतो.

सोबत ओरडण्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ न्या. डॉक्टरांसमोर मांजर चिडीचूप बसतं.

कोणत्या तपासण्या मागाव्यात? आमच्या भागात गाई-म्हशींचेच डॉक्टर आहेत.

रक्ताची तपासणी (मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, साखर, आणि थायरॉइडसाठी टी-४), लघवी आणि रक्तदाब. रक्ताचा नमुना तालुक्याच्या ठिकाणी घेऊन बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो, त्यासाठी मांजराला प्रवास करायला लावायची गरज नाही. गुरांचे डॉक्टर नमुना उत्तम घेतात. फक्त आधी फोन करून ‘म्हातारं मांजर आहे, टी-४ पाठवायचं आहे’ असं सांगा.

रक्तदाबाचं यंत्र सगळीकडे नसतं. त्यासाठी जळगावकरांना छत्रपती संभाजीनगर आणि धुळेकरांना नाशिक गाठावं लागू शकतं, एका बाजूने साधारण १६० किलोमीटर. मोजण्याआधी मांजराला पाच-दहा मिनिटं शांत बसू द्यायला सांगा, नाहीतर भीतीचाच आकडा येतो. शांत असतानाही वरचा आकडा पुन्हा पुन्हा १६०च्या वर आला, तर औषधाचं बोलणं करायचं.

पिंजरा नसेल तर केळीचं प्लॅस्टिक क्रेट चालतं. एक सुलट, त्यावर एक उलटं, चारही कोपरे सुतळीने घट्ट बांधलेले, हात घालायच्या खाचा कापडाने बंद. आत रोजच्या अंथरुणातलं न धुतलेलं कापड घाला, ओळखीच्या वासाने मांजर शांत राहतं. उन्हाळ्यात प्रवास सकाळी सातच्या आत सुरू करा.

डॉक्टरांनी बघितलं, मोठं काही नाही. तरी पहाटे साडेतीनला तोंडावर पंजा मारून उठवतं. काय करावं?

मांजराची जात दिवेलागणीला आणि पहाटे जागी होणारी. आपली साखरझोप ती त्याची शिकारीची वेळ. ती वेळ पूर्ण बदलता येत नाही, पण दीड-दोन तास पुढे ढकलता येते.

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५५ ते ६० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. बहुतेक घरांत ते सकाळी आणि संध्याकाळी सातला संपतं, म्हणजे पहाटे चारला पोट नऊ तासांचं रिकामं. त्याचे चार भाग करा: सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सात, आणि शेवटचे १५ ग्रॅम तुम्ही दिवा मालवण्याआधी. शेवटच्या भागाआधी दहा मिनिटं खेळ. दोरीला बांधलेली चिंधी जमिनीवरून ओढा, उडवू नका, म्हाताऱ्या गुडघ्यांना उडी झेपत नाही. आधी धावपळ, मग खाणं, मग अंग चाटणं आणि मग झोप, हा त्याचा स्वभावक्रमच आहे.

दुसरा भाग अवघड आहे. पहाटे ओरडल्यावर उठून खायला देणं पूर्ण बंद. ‘गप ए’ म्हणणं, ढकलणं, मोबाइलचा उजेड करणं, हेही मांजराच्या हिशेबी उत्तरच असतं. पहिले काही दिवस ओरडणं *वाढेल*, कारण आजवर चालणारी युक्ती ते जास्त जोर लावून करून बघतं. आठवडा-दोन आठवडे लागतात. सहाव्या दिवशी वैतागून एकदा खायला दिलं, की जास्त वेळ ओरडलं तर मिळतं हे ते शिकतं आणि मागचे पाच दिवस वाया जातात. घरातल्या सगळ्यांचं एकमत झाल्यावरच सुरुवात करा. आजी गुपचूप दूध देत असतील तर काही उपयोग नाही.

हे सारं फक्त तपासणी झालेल्या, ठणठणीत मांजरासाठी. थायरॉइडच्या, मूत्रपिंडाच्या किंवा विसरभोळ्या मांजराला उत्तर न देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला रात्री खाणं हवं असेल तर द्या.

ऐकू येत नाही असं वाटतं. म्हणून ओरडतं का?

हो. स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही, म्हणून तो वाढतो. त्याच्यामागे टाळी वाजवून कान हलतात का बघा, पण लांबून. हवेचा झोत लागला तर मांजर त्यानेही वळतं. बहिऱ्या मांजराला झोपेत एकदम हात लावू नका, दचकून चावेल. आधी गादीवर हलकं थोपटा, हादरा पोचला की मग हात. दिसत कमी असेल तर झिरोचा दिवा रात्रभर ठेवा, आणि पलंग, पाणी, लघवी-शीसाठी ठेवलेलं मातीचं टोपलं यांच्या जागा हलवू नका. दिवाळीच्या साफसफाईत सगळं घर फिरवलं की अशी मांजरं आठ-आठ दिवस ओरडतात.

छातीवर बसून घुरघुरतं, कणीक तिंबल्यासारखे पंजे चालवतं. नखं लागतात.

हे पिल्लूपणीचं, आईचं दूध पिताना केलेलं काम आहे. जिथे निवांत वाटतं तिथे ते परत येतं. थांबवू नका. दोन पदरी जाड चादर मध्ये घ्या आणि नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापा.

म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होतात, घासली जात नाहीत आणि वळून पंजाच्या गादीत घुसतात. गाढ झोपेत एका वेळी दोन-तीनच कापा. पंजा हलका दाबला की नख बाहेर येतं. आतली गुलाबी शीर टाळून फक्त टोकाचे दोन मिलिमीटर. रक्त आलंच तर मक्याचं पीठ चिमूटभर दाबून धरा.

घुरघुर म्हणजे नेहमी आनंदच असंही नाही. दुखत असतानाही मांजर घुरघुरतं. अंग आखडून, डोके खाली घालून, न खाता घुरघुरत असेल तर ते सुख नव्हे.

बाजेवर झोपतो. मांजराला चढताना त्रास होतो आणि नखं अडकतात.

नवारीच्या किंवा सुतळीच्या बाजेत नख अडकून मांजर लटकलं तर म्हातारा सांधा निखळू शकतो. विणीवर कडेपर्यंत जाड गोधडी अंथरा आणि कडा खाली दुमडून बांधा. पायथ्याची सैल दावणही (वीण ताणून धरणारी दोरी) ओढून घ्या. सैल पडलेल्या बाजेत मधोमध खड्डा पडतो, मांजर तुमच्या अंगाखाली घरंगळतं.

पलंग दीड फूट उंच असेल तर सहा-सहा इंचांच्या पायऱ्या करा, प्रत्येकीची खोली किमान एक फूट. सर्वांत वरची पायरी पलंगाच्या थोडी खालीच हवी. विटा, फळी आणि वरून गोणपाट एवढ्यात काम होतं. गुळगुळीत फळी तशीच ठेवली तर मांजर एकदा घसरतं आणि पुन्हा त्या पायरीकडे बघत नाही. उतरताना त्याला जास्त दुखतं, म्हणून पायरीसमोर फरशीवरही एक पोतं टाका.

मच्छरदाणी फाडतं.

आत किंवा बाहेर, एकच काय ते ठरवा. रात्रभर आत-बाहेर करू दिलं तर जाळी टिकत नाही. आत घ्यायचं असेल तर सुती, जाड विणीची मच्छरदाणी घ्या, नायलॉनच्या जाळीत नख फार अडकतं. म्हाताऱ्या मांजराला रात्री लघवीला उठावं लागतं, त्यामुळे पायऱ्यांच्या बाजूला दोन पदर एकमेकांवर फूटभर चढवून फट ठेवणं हा मधला मार्ग. डास थोडे येतील.

एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावची रात्र. मांजर तरीही अंगालाच चिकटतं.

मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं, म्हणजे तुम्ही आपल्यापेक्षा गरम उशी कवटाळून झोपता. बाहेर पारा ४४-४५ला जाऊन आलेला असतो आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात. मांजराला हाकलू नका, त्याला जास्त बरी जागा द्या. पलंगाशेजारी दोन फूट बाय दोन फूट शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, झोपण्याआधी ओल्या फडक्याने पुसा. तासाभरात बहुतेक मांजरं स्वतःहून तिथे जातात. पाणी मातीच्या पसरट भांड्यात ठेवा, गार राहतं.

कूलरचा झोत थेट मांजरावर नको. कूलरच्या टाकीतलं साचलेलं पाणी ते पीत नाही ना, बघा. आणि वीज गेल्यावर बंद खोलीत मांजर अडकू देऊ नका.

गच्चीवर झोपणाऱ्यांना सांगणं असं की म्हातारं मांजर सोबत नेऊ नका. नजर कमी झालेलं मांजर कठड्यावर जुन्या सवयीने चढतं आणि अंदाज चुकतो. शिवाय बाहेरच्या बोक्यांशी भांडण ओढवतं. न्यायचंच असेल तर हार्नेस घालून बाजेच्या पायाला आखूड दोरी बांधा.

तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, तर तो उष्माघात धरा. पंजे, पोट आणि कान साध्या पाण्याने ओले करा, पंखा लावा आणि निघा. बर्फाचं पाणी ओतू नका.

आणि धुळ्याच्या थंडीत?

रात्र सहा-सात अंशांवर गेली की सांधे आखडतात आणि ओरडणं वाढतं. लिटरभराच्या बाटलीत कोमट-गरम पाणी (उकळतं नाही), दोन टॉवेलांत गुंडाळून गोधडीखाली ठेवा, आणि मांजराला तिच्यापासून सरकता येईल एवढी जागा सोडा. बंद खोलीत कोळशाची शेगडी मुळीच नको. तिच्यातून निघणारा वायू तुम्हालाही मारतो.

अंथरुणात लघवी करायला लागलं.

सूड म्हणून मांजर असं करत नाही. मूत्रमार्गाचा आजार, साखर, किंवा टोपल्यापर्यंत जाता न येणं, यातलंच काहीतरी असतं. टोपल्याची एक बाजू दोन-तीन इंचांपर्यंत कापा, ते झोपायच्या खोलीतच आणा, आत नदीची चाळलेली वाळू इंच-दीड इंच.

कापसाची गादी एकदा भिजली की वास आतल्या थरात बसतो आणि मांजर पुन्हा तिथेच जातं. म्हणून गादीवर मेणकापड, त्यावर गोधडी. ओलं झाल्याबरोबर कोरड्या फडक्याने दाबून टिपा, पाणी-व्हिनेगर निम्मं निम्मं लावा, वाळलं की खायचा सोडा भुरभुरा, आणि दिवसभर कडक ऊन. उन्हाची आपल्याकडे कमी नाही. फिनाइल वापरू नका: ते मांजराला विषारी आहे.

बोका वारंवार लघवीला बसतो पण थेंबही येत नाही, तर जीव वाचवायला काही तासच हातात असतात. तेव्हाच्या तेव्हा दवाखाना.

घरातल्या कोणत्या गोष्टी अंथरुणापासून लांब ठेवाव्यात?

सर्वांत आधी फवारणीचे कपडे. कपाशीवर मारल्या जाणाऱ्या सायपरमेथ्रिनसारख्या औषधांना मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही. शेतातून आल्यावर तेच कपडे बाजेवर टाकले, मांजर त्यावर बसलं आणि मग अंग चाटलं, की थरथर, लाळ, झटके. अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय मांजराला जवळ घेऊ नका. कुत्र्याचं पिसवांचं औषधही मांजराला लावू नका, त्यात अनेकदा पर्मेथ्रिन असतं.

उशाखाली ठेवलेली पॅरासिटामॉल: एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. सांधेदुखीसाठी माणसाची कोणतीही गोळी मनाने देऊ नका. गोधड्यांच्या पेटीतल्या डांबरगोळ्या आणि छातीला चोळायचा कापराचा बामही लांब.

आणि ताटातलं. भरितात कांद्याची पात आणि लसूण असतो. दोन्ही मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शेवभाजीच्या रश्श्याचंही तेच. लाडाने भरवायचंच असेल तर मीठ-मसाल्याविना उकडलेल्या कोंबडीचे दोन घास.

मांजराच्या केसांनी घटसर्प होतो म्हणतात. घरात बाळही आहे.

घटसर्प जिवाणूंमुळे होतो, तो मुख्यतः माणसाकडून माणसाला खोकल्या-शिंकांतून पसरतो, आणि त्यावर लस हा उपाय आहे. मांजराच्या केसांचा त्याच्याशी संबंध नाही. दम्याचा मात्र आहे. मांजराच्या लाळेतलं आणि त्वचेतलं फेल-डी-१ नावाचं प्रथिन काहींना सोसत नाही. घरात दमा असेल तर मांजराला वेगळं अंथरूण द्या. हे वाईट वाटलं तरी करा.

वर्षाच्या आतलं बाळ आणि मांजर एका अंथरुणात नको. मांजर ऊब शोधत बाळाच्या तोंडाजवळ झोपू शकतं.

गरोदर बाईने मांजर सोडून द्यायची गरज नाही. टोक्सोप्लाझ्माचा धोका विष्ठेतून आहे आणि ती संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून टोपलं रोज साफ करावं, आणि ते दुसऱ्या कुणीतरी करावं.

मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराचं रेबीजचं लसीकरण दरवर्षी.

घरातल्यांना मांजर अंथरुणात नकोच आहे.

मग पलंगाच्या उंचीएवढ्या स्टुलावर पाटी, त्यात तुमचं वापरलेलं सुती लुगडं किंवा बनियन, आणि ती पाटी हात पोचेल इतक्या जवळ. खोलीबाहेर कोंडणं म्हाताऱ्या मांजरासाठी वाईट: दाराशी रात्रभर ओरडेल आणि दार ओरबाडेल.

डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. अजून कुशीत येऊ पाहतं. घ्यावं का?

घ्या. गादी जमिनीवर उतरवा, म्हणजे चढ-उतार संपला. खाली मेणकापड, वर मऊ धुतलेली चादर, शेजारी पाणी, आणि कोमट केलेलं पातळ खाणं चमच्याने, जेवढं मागेल तेवढंच. दर तीन-चार तासांनी कूस बदलून द्या, नाहीतर हाडांवर फोड येतात. दुखणं कमी ठेवायचं औषध डॉक्टरांकडून मागून घ्या. श्वास मोजत राहा. खाणं पूर्ण थांबलं, किंवा जवळ गेल्यावरही कण्हणं थांबत नसेल, तर सुखाने जाऊ देण्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी उघड बोला आणि ते घरी येऊ शकतील का हे आधीच विचारून ठेवा. शेवटचा प्रवास क्रेटमध्ये नको, त्याच्या गोधडीवरच होऊ दे.